लेसर संवेदकांवरील धूळ : ओळख, उपाय आणि धोरण

भारतात २०२२ या एका वर्षात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. ही हानी कमी करण्यासाठी चालकाला साहाय्य करणाऱ्या यंत्रणांकडे धोरणकर्त्यांचे लक्ष वळले असून, केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०२५ मध्ये जड वाहनांना आपत्कालीन स्वयंचलित ब्रेक बंधनकारक करण्याचा मसुदा प्रसिद्ध केला. अशा यंत्रणांचे यश संवेदकांवर अवलंबून असते. आपल्याकडील प्रवासी मोटारींत आज प्रामुख्याने कॅमेरा व रडार वापरले जातात; जगातील स्वयंचलित वाहनांत मात्र लेसर संवेदकाने, म्हणजेच लिडारने, महत्त्वाचे स्थान मिळवले आहे. धुळीच्या देशात हे तंत्रज्ञान आणताना त्याची काच मळली तर काय, हा प्रश्न आधीच विचारणे आवश्यक आहे.

संवेदक कसा पाहतो?

लिडार अवरक्त प्रकाशाचे सूक्ष्म स्पंद सोडतो आणि ते वस्तूवर आदळून परत येण्यास लागलेल्या वेळेवरून अंतर ठरवतो. ६० मीटरवरील वस्तूचा प्रतिध्वनी सुमारे ०.४ मायक्रोसेकंदात परततो. काचेवर चिखल, धूळ वा कीटक चिकटल्यास काही प्रकाश तेथेच अडतो व विखुरतो. पल्ला घटतो, दाट थर असल्यास त्या दिशेने काहीच परत येत नाही. खरा धोका येथेच आहे. मोकळ्या आकाशाकडूनही प्रतिध्वनी येत नाही. म्हणून ‘काही दिसत नाही’ याचा अर्थ ‘समोर काही नाही’ असा लावणारी यंत्रणा आंधळी होऊनही निर्धास्त राहते.

मळ ओळखण्याच्या पद्धती

पहिली खूण म्हणजे अतिशय जवळचा प्रतिध्वनी. काचेवरील डागावरून परतणारा प्रकाश एका नॅनोसेकंदाच्या आसपास पोहोचतो. रस्त्यावरील कोणतीही वस्तू इतकी जवळ नसते. दुसरी खूण काळाच्या ओघात दिसते. वाहन पुढे जाते तसे दृश्य बदलते, डाग मात्र जागा सोडत नाही. एकाच कोनातील प्रतिध्वनी सातत्याने क्षीण वा लुप्त होत असतील, तर दोष काचेवर आहे असे मानता येते. हवेतील धूळ वा धुके यांचे प्रतिध्वनी बदलत्या अंतरांवरून येतात. त्यामुळे त्यांना वेगळे ओळखता येते. तिसरी पद्धत पडताळणीची : कॅमेरा वा रडारला दिसणारे वाहन लिडारला दिसत नसेल, तर संशयास जागा आहे. कारखान्यांतील सुरक्षा लेसर स्कॅनरमध्ये काचेच्या मळाची स्वतंत्र तपासणी पूर्वीपासून केली जाते आणि मर्यादा ओलांडताच यंत्र थांबते.

स्वच्छता आणि सावधगिरी

काच धुण्यासाठी पाण्याचा फवारा, दाबाची हवा, लहान वायपर व बर्फासाठी उष्णता असे उपाय योजले जातात. मळ आहे म्हणून लेसरची शक्ती हवी तितकी वाढवता येत नाही. डोळ्यांच्या सुरक्षिततेची मर्यादा आड येते. कोरड्या धुळीवर अपुरे पाणी पडल्यास चिखलाचा पातळ थर तयार होतो, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. स्वच्छता अपुरी पडल्यास यंत्रणेने वेग कमी करावा, चालकाला सूचना द्यावी, नियंत्रण त्याच्याकडे सोपवावे आणि प्रतिसाद नसल्यास वाहन सुरक्षितपणे थांबवावे. संयुक्त राष्ट्रांच्या व्यासपीठावर जून २०२० मध्ये स्वीकारलेल्या स्वयंचलित मार्गिका-नियंत्रणाच्या नियम १५७ मध्ये पल्ला घटवणारी परिस्थिती ओळखून तिला अनुरूप वर्तन करण्याची अपेक्षा आहे.

आर्थिक बाजू

संवेदक स्वच्छ ठेवण्याचा खर्च वाहनमालक करतो. लाभाचा मोठा वाटा पादचारी व दुचाकीस्वारांना मिळतो. अशा बाह्य लाभाच्या ठिकाणी केवळ बाजारावर विसंबल्यास खर्च टाळण्याकडे कल राहतो. त्यामुळे मानकांची गरज निर्माण होते. मात्र सूचनेची मर्यादा ठरवताना तारतम्य हवे. ती फार कडक असेल तर वारंवार इशारे वाजतील आणि चालक यंत्रणाच बंद करील; ती सैल असेल तर खरा दोष निसटेल.

हा प्रश्न केवळ भविष्यातील मोटारींचा नाही. भारतीय राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने २०२५ मध्ये २३ राज्यांतील २०,९३३ किलोमीटर महामार्गांच्या पाहणीसाठी लेसरयुक्त सर्वेक्षण वाहने योजल्याचे जाहीर केले. तेथे लेसर रस्त्याच्या पृष्ठभागावर रोखलेला असतो. मळक्या काचेमुळे तडे सुटले वा चुकीचे नोंदले गेले, तर दुरुस्तीचा निधीही चुकीच्या ठिकाणी जाईल.

पुढील दिशा

यासाठी तीन गोष्टी अगत्याच्या आहेत. मान्यता चाचण्यांत भारतीय रस्त्यांवरील धूळ, पावसाळी चिखल व त्यांचे मिश्रण यांचा समावेश व्हावा. वाहनांच्या नियतकालिक योग्यता तपासणीत संवेदकांची काच व फवारा तपासला जावा. सर्वेक्षणाच्या प्रत्येक नोंदीसोबत संवेदकाच्या स्वच्छतेची स्थितीही नोंदली जावी. संवेदक मळणे टाळता येणार नाही. तो मळला आहे हे यंत्राला कळणे आणि त्याने ते वेळेवर कबूल करणे, हे मात्र मानकांद्वारे साध्य करता येईल. रस्ते सुरक्षेतील गुंतवणुकीचे फलित त्यावरच अवलंबून राहील.