मागं बसू नकोस

परवा बसमध्ये भेटलीस तेव्हा मी दिवाळी पहाटेचा विषय काढला, तर तू चटकन म्हणालीस, "मला त्यातलं काही कळत नाही ताई, मी येऊन काय करू?" तेवढ्यात तुझा थांबा आला, तू उतरलीस आणि माझं उत्तर माझ्याकडेच राहिलं. ते आज सांगते. गॅसवर दूध ठेवलं असशील तर आधी ते उतरव, मग वाच.

पहिल्यांदा माझी फजिती ऐक. लग्न होऊन सांबऱ्याला आले त्या वर्षीची गोष्ट. बेळगावच्या शहापुरात एका घरी गाण्याची बैठक होती. वरची माडी, सतरंजी, भिंतीला लोड, पन्नासेक माणसं. मी उंबऱ्याला खेटून बसले, चपलांच्या शेजारी. कारण एकच, शेवटची बस. बुवांनी यमन सुरू केला नि एकाच ओळीभोवती घुटमळत राहिले. मला वाटलं, पुढचे शब्द विसरले की काय! अर्धा-पाऊण तास झाला तरी तेच. शेवटी पदर सावरत उठले. जिन्याखाली एक पाय चपलेत घातला आणि वर तबल्याची चाल बदलली. लय वाढली, तान सुटली, माडीवरची सगळी माणसं एका तोंडानं 'वाऽ' म्हणाली. वरणभात खाऊन पुरणपोळी वाढायच्या आत पानावरून उठल्यासारखं झालं बघ माझं. परत वर जायची लाज वाटली. मग जिन्यातच बसले, नि उरलेला यमन तिथूनच ऐकला. बस गेली ती गेलीच.

म्हणून पहिलं सांगणं हे, की मागं बसू नकोस. दाराशी बसलं की अर्धं मन रस्त्यावर असतं. परतीची सोय आधी लाव आणि मग पुढं जाऊन बस, तबलजीची बोटं दिसतील इतकं पुढं. गंगूबाई हनगल हुबळीहून रेल्वेनं कुंदगोळला जाऊन सवाई गंधर्वांकडे शिकल्या. परतीच्या गाडीचं वेळापत्रक त्यांनाही होतंच की! आपल्याला तर सांबरा ते बेळगाव, दहा-अकरा किलोमीटर.

आता ते 'कळत नाही' घेऊ. अगं, पंत बाळेकुंद्रीच्या आश्विनातल्या उत्सवाला तू लहानपणापासून जातेस. पंतमहाराजांची पदं रात्र रात्र चालतात, टाळ-मृदंगात सगळी माणसं डोलतात. हा कुठला राग, असं तिथं तुला कुणी विचारलंय का कधी? तूही कुणाला विचारलं नाहीस. पण मध्येच कुणी बेसूर लागला की तुझ्याच कपाळाला आठी पडते, मी पाहिलंय. म्हणजे कान तयार आहे, नावं तेवढी माहीत नाहीत. नावं काय, ती मागाहून येतात.

आणि तू राहतेस कुठं, त्याचा तरी विचार कर. सांबऱ्याहून थोडं पुढं गेलं की सुळेभावी. कुमार गंधर्वांचा जन्म तिथला, ८ एप्रिल १९२४. शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली हे त्यांचं घरचं नाव. घरात कन्नड, गाणं शिकायला मुंबईला देवधर मास्तरांकडे, पुढं आयुष्य गेलं माळव्यात देवासला, आणि जीव लावला मराठी माणसांनी. आपल्याकडे पाट्या कुठल्या भाषेत लावायच्या यावरून किती रक्त आटलं, पण गाण्याला कुणी सीमा आखू शकलं नाही. क्षय झाला म्हणून ते देवासला गेले, काही वर्षं गाणं पार बंद. अंथरुणावर पडल्या पडल्या ते माळव्यातल्या बायाबापड्यांची गाणी ऐकत राहिले. पुढं त्याच धुनांतून त्यांनी नवे राग काढले, धुनउगम राग म्हणतात त्यांना. नवं संगीत म्हटलं की तुझ्या डोळ्यापुढं गिटार नि रंगीत दिवे येतात, पण आपल्याकडचं खरं नवं असं चुलीपाशी म्हटलेल्या गाण्यातूनही आलंय. कुणी त्यांचे राग गाणार असेल, तर मुद्दाम जा. मंचावर चार वाद्यं एकदम वाजवून त्याला फ्यूजन म्हणणारे कार्यक्रम मात्र मला फारसे रुचत नाहीत. आवाज इतका मोठा ठेवतात, की तबलाही ढोलासारखा वाजतो.

सुळेभावी झालं एका अंगाला. मिरज घे. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ तिथं राहिले, १९३७ साली गेले, आणि मिरजेच्या दर्ग्यात उरुसाला आजही गवई हजेरी लावतात. कोल्हापुरात अल्लादिया खाँसाहेब दरबार गायक होते आणि तिथल्या देवल क्लबची स्थापना १८८३ची. निपाणीकरांना तर ते घरच्यासारखंच. दक्षिणेला धारवाड, मल्लिकार्जुन मन्सूरांचं. त्याच्या पलीकडे कुंदगोळ, तिथल्या नाडगीर वाड्यात दरवर्षी सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ मैफल होते. आणि मधोमध आपलं बेळगाव. रामभाऊ विजापुरे मास्तरांनी इथं जन्मभर पेटी शिकवली, २०१० साली ते गेले. या गावात पेटी वाजवणारा दर चार घरांआड निघतो, असं मी गमतीनं म्हणते, पण फार खोटं नाही ते. पु. ल. देशपांडे काही काळ राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवायला होते, नि त्यांचे ते 'गणगोत'मधले रावसाहेब अस्सल बेळगावचेच. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३पासून चाललाय, जमलं तर डिसेंबरात तोही बघून ये. पण पुण्याला जायला जमत नाही म्हणून आयुष्यात गाणंच ऐकलं नाही, असं सांबऱ्यात राहणाऱ्या बाईनं म्हणू नये बाई.

मोठ्या सभागृहापेक्षा तू आधी लहान बैठकीला जा, हा माझा आग्रह. हे गाणं मुळात खोलीतलंच. मंडपात ते पोचवावं लागतं, माडीवर ते आपसूक पोचतं. गवई श्वास घेतो तोही ऐकू येतो. आणि वेळेच्या आधी जा, कारण तंबोरे जुळवताना बघण्यासारखं असतं. मिरजेचे तंबोरे असतील तर विचारूच नकोस, २०२४ साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. भोपळा मांडीला टेकवून शिष्य खुंट्या पिळतो. घोडीवर प्रत्येक तारेखाली सुताचा एक बारीक धागा असतो. तो केसभर मागं-पुढं सरकवला, की इतका वेळ नुसती टणटण करणारी तार एकदम मधमाश्यांच्या पोळ्यासारखी गुंजायला लागते. जवारी लागली म्हणतात ती हीच. तारा बहुतेक चारच असतात. मधल्या दोन जोडीचा षड्ज, शेवटची खर्ज आणि पहिली बहुतेक वेळा पंचम. आता तुला एक गुपित सांगते. ही पहिली तार पंचमाऐवजी मध्यमावर लावली, तर समज, पंचम नसलेला राग येणार. रात्रीची वेळ असेल तर मालकंस असायची शक्यता मोठी. गवयानं तोंड उघडायच्या आत शेजारणीच्या कानात 'मालकंस' म्हण आणि बघ ती कशी वळून पाहते! चुकलीस तर चहा माझ्याकडून.

गाणं सुरू झाल्यावर विलंबितात, म्हणजे संथ लयीत, कंटाळा येतो, तो सगळ्यांनाच येतो, कबूल कुणी करत नाही. तेव्हा एवढंच कर. तबल्याकडे लक्ष दे आणि समेची वाट बघ. फिरून फिरून गवई नि तबलजी एका जागी भेटतात, ती सम. दोन-तीनदा ती सापडली की चौथ्या वेळेला तुझी मान आपोआप हलेल. आवडलं तर 'वा' म्हण, आपल्याकडे चालतं, गवयाला ते हवंच असतं. मात्र मोबाईल बंद. मुका करून भागत नाही, अंधारात त्याचा उजेड पडतो तो डोळ्यात खुपतो. हातात काचेच्या बांगड्या डझनभर असतील तर मांडीवर हात ठेवून बस. आणि उठायचंच असेल तर दोन रागांच्या मध्ये ऊठ, माझ्यासारखी लय वाढायच्या तोंडावर नको.

हे नियम सगळीकडे सारखे नसतात, बरं का. मागं आम्ही चोर्ला घाट उतरून जुन्या गोव्यात गेलो होतो. तिथं टेकडीवर मॉन्तेचं चॅपेल आहे, तिथं संगीताचे कार्यक्रम होते, आपलं शास्त्रीयही आणि पाश्चात्त्यही. पाश्चात्त्याला चार वादक, दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो. पुढं काठी हलवणारा कुणी नाही, माईक नाही. एकमेकांकडे बघून एकदम श्वास घेतात नि सुरू करतात. युरोपातही हे संगीत दिवाणखान्यातलंच, चेंबर म्हणजे खोलीच की. मला तर ती बैठकच वाटली, फक्त सतरंजीऐवजी बाक. पहिला भाग संपला आणि मी मोठ्या हौसेनं टाळ्या वाजवल्या. एकटीनं! त्यांच्याकडे सगळे भाग संपेपर्यंत टाळी वाजवायची नसते म्हणे. पुढच्या बाकावरची म्हातारी वळून इतकं गोड हसली, की ती सोन्यासारखी सायंकाळ मला आठवते ती तिच्यामुळेच. इकडून गोवा समुद्रासाठी गाठणारे पुष्कळ. हिवाळ्यात एखादी संध्याकाळ यासाठी ठेवून बघ.

आता कामाचं. पाऊस सरला की आपला हंगाम. नवरात्र, मग कोजागरीच्या बैठका, मग दिवाळी पहाट आणि पुढं थंडीभर काही ना काही. बेळगावात आर्ट्स सर्कल आहे, शहापूरचं सरस्वती वाचनालय आहे, लोकमान्य रंगमंदिर आहे, गुरुपौर्णिमेला गाणं शिकवणाऱ्या घराघरांतून शिष्यांचं गाणं होतं ते वेगळंच. पुष्कळ ठिकाणी तिकीटही नसतं. पेपरातलं स्थानिक पान वाचत जा, तिथं आतल्या कोपऱ्यात चार ओळींची बातमी असते. नवऱ्याला गाणं आवडत नसेल तर ओढून आणू नकोस, जांभया देणारा माणूस शेजारी असण्यापेक्षा एकटीनं आलेलं बरं. सासूबाईंना मात्र विचार. अशा पुष्कळ जणी असतात, ज्या लग्नाआधी गात होत्या आणि पुढं कुणी विचारलंच नाही म्हणून गप्प बसल्या. आणि तुझी ती पेटी, माळ्यावर गेलेली, ती एकदा खाली काढ. भात्याला कसर लागली असेल.

दिवाळी पहाटेला पहाटे साडेचारला मी वेशीवर गाडी घेऊन येते. मागच्या सीटवर दोघींची जागा आहे, सासूबाईंना विचारून उद्या संध्याकाळपर्यंत कळव.