घरी येऊन परीक्षा घेणारे नकोत

सासूबाईंचा विसराळूपणा वाढला, डॉक्टरांनी डिमेन्शियाची सुरुवात सांगितली, तेव्हा आम्ही एका संस्थेची घरभेटीची सेवा घेतली. पैसे आगाऊ भरले. येणारी मुलगी बसल्या बसल्या फाइल उघडायची. "आजी, आज वार कोणता? शंभरातून सात गेले किती?" आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत माझ्याकडे बघायच्या. चुकलं की कागदावर फुली. त्यात मुली सारख्या बदलायच्या. शेवटी बेल वाजली की आई मोरीत जाऊन कडी लावू लागल्या, आणि आम्ही ती सेवा बंद केली.

वार-तारखेचे, वजाबाकीचे प्रश्न तपासणीसाठी असतात. ते पुन्हा पुन्हा विचारून स्मरणशक्ती सुधारत नाही, माणूस मात्र खचतो.

पुढे एक ऑक्युपेशनल थेरपिस्ट बाई येऊ लागल्या. त्यांनी मोड आलेले वाल परातीत मागितले. "मला सोलायला जमत नाहीत, दाखवता?" आईंनी दाणा चिमटीत धरून अलगद दाबला, डाळिंबी टपकन बाहेर आली. हात चालू लागले तशा माहेरच्या गोष्टीही निघाल्या. जाताना बाईंनी मला बाजूला घेतलं: "आठवतंय का?" विचारायचं नाही, "सांगा ना" म्हणायचं, एका वेळी एकच काम सांगायचं, आणि तुमची झोप होते का? तोवर मला हे कुणीच विचारलं नव्हतं.

सांभाळणाऱ्याकडे बघणं हे या भेटींचं अर्धं काम आहे. गोव्यात झालेल्या आणि 2008 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, थोडं प्रशिक्षण घेतलेले स्थानिक कार्यकर्ते सहा महिने डिमेन्शिया असलेल्यांच्या घरी जात होते. घरच्यांचा मानसिक ताण त्यामुळे कमी झाला.

तुमच्या घरी अशी वेळ आली असेल, तर आधी डॉक्टरांकडून बी-12, थायरॉइड आणि कान तपासून घ्या. ऐकूच येत नसेल तर उत्तर कुठून येणार? मग संस्थेला विचारा: दर वेळी तीच व्यक्ती येईल का, आणि घरच्यांना काय शिकवाल? पहिली भेट स्वतः शेजारी बसून बघा. डिमेन्शिया पूर्ण बरा करणारा उपचार आज नाही. त्यामुळे स्मरणशक्ती परत आणून देण्याची हमी जो देईल, त्याला एक रुपयाही देऊ नका.