जुन्या गाड्यांचे ऑइल पंप : गिअर घेताना

मुंबईतून पद्मिनी टॅक्सी २०२३ मध्ये गेली; हौशी मालकांच्या जुन्या गाड्या मात्र आमच्या गॅरेजवाल्या बांधवांकडे येतातच. तयार गिअर मिळत नाही, मग तो कापून घ्यावा लागतो आणि ग्राहक म्हणतो, 'सर्वांत कडक पोलादाचा द्या.' आमच्या मते यातच नुकसान आहे.

पंपाच्या आतील दोन गिअर तेलात फिरतात. तिथे कडक पोलाद चालते, मात्र जोडी एकदमच बदलावी. कॅमशाफ्टवरून फिरणाऱ्या तिरप्या दातांच्या गिअरची गोष्ट वेगळी. आम्ही कापडवाले सुताला सूत पाहतो, तसे इथे धातूला धातू पाहावा : बिडाच्या कॅमशाफ्टला बिडाचा गिअर, पोलादीला ब्राँझचा. ब्राँझ लवकर झिजते, म्हणून अधूनमधून तपासावे. पण कॅमशाफ्ट खाल्ला गेला तर सारे इंजिन खोलावे लागते.

गिअर बसवल्यावर वर सरळ पट्टी ठेवून फीलर गेज घालावा. बहुतेक पंपांत झाकणाकडची फट ०.०५ ते ०.१० मिलिमीटर असते. झाकणाला चर पडला असेल तर काचेवर एमरी पेपर ठेवून ते सपाट करावे. बॉडीच आतून झिजली असेल तर नव्या गिअरनेही तेलाचा दाब येणार नाही आणि बेअरिंग जातील. हे ग्राहकाला पैसे घेण्याआधी सांगावे.