फ्रोझन चिकन ब्रेस्ट सॅलडसाठी शिजवताना



आपल्याकडे कोंबडी कापली की घरात भांडण तंगडीवरून होतं, छातीचा तुकडा कोणालाच नको असतो. कोरडा लागतो म्हणतात. शहरातलं गिऱ्हाईक मात्र बोनलेस ब्रेस्टच मागतं, आणि आता काही सभासद भगिनी सॅलडच्या डब्यांच्या ऑर्डरी घेऊ लागल्या आहेत. म्हणून आजचा विषय हा.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या. रस्सा करताना चिकन अर्धा-पाऊण तास रटरटतं, कुठे चूक झाली तरी झाकली जाते. सॅलड थंड खातात. एकदा शिजवलं की पुन्हा आचेवर जात नाही. त्यामुळे पहिल्याच वेळी ते आतपर्यंत शिजलं पाहिजे. फ्रीजरच्या थंडीने साल्मोनेलासारखे जंतू मरत नाहीत, फक्त गप्प बसतात. बर्फ सुटला की पुन्हा वाढायला लागतात.

*बर्फ सोडवणे*

सकाळी पाकीट ओट्यावर काढून ठेवायचं आणि दुपारी शिजवायचं, ही सवय सोडा. बाहेरचा थर गरम होऊन तिथे जंतू वाढतात, आत मात्र दगडच असतो. आदल्या रात्री पाकीट खोलगट ताटात घालून फ्रीजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवा. ताट विसरू नका, नाहीतर कच्चं पाणी खाली कोथिंबिरीवर ठिबकतं. जाड पाकिटाला पूर्ण दिवस लागतो.

घाई असेल तर बंद पिशवी गार पाण्यात बुडवा आणि दर अर्ध्या तासाने पाणी बदला. अर्धा किलो साधारण तासाभरात सुटतं. असं सोडवलेलं चिकन लगेच शिजवावे. गरम पाणी वापरू नका.

बर्फासकट शिजवलं तर? चालतं. तुकडे सुटे असतील तरच. चिकटलेला गोळा पातेल्यात टाकलात तर बाहेरचं शिजून चामडं होईल आणि मधे कच्चं राहील. वेळही साधारण दीडपट धरा.

कच्चं चिकन नळाखाली धुवायची गरज नाही. शिंतोडे सिंकभर आणि शेजारच्या भांड्यांवर उडतात, ते जास्त धोक्याचं.

*शिजवणे*

कुकर नको. ब्रेस्टमध्ये चरबी जवळजवळ नसते. जोरात उकळलं की मांस आक्रसून आतलं पाणी बाहेर टाकतं, मग चघळत बसावं लागतं. कोरडा लागतो ही तक्रार बहुतेक वेळा आचेची असते, कोंबडीची नाही.

पसरट पातेल्यात तुकडे एका थरात मांडा. वर बोटभर येईल इतकं गार पाणी, मीठ, ठेचलेलं आलं, चार मिरे, एक तमालपत्र. मध्यम आचेवर ठेवा. कडेने बारीक बुडबुडे आले की आच अगदी कमी करून झाकण ठेवा. पाणी खदखदता कामा नये. पावणेदोनशे ते दोनशे ग्रॅमच्या, बर्फ सुटलेल्या तुकड्याला इथून पुढे 12 ते 15 मिनिटं लागतात. बर्फासकट टाकला असेल तर 20 ते 25.

ही वेळ अंदाजाची आहे, खात्री थर्मामीटरने होते. सगळ्यात जाड भागात टोक खुपसा, 74 अंश सेल्सिअस दिसलं पाहिजे. रंगावर जाऊ नका; पांढरं दिसणारं मांसही कधी पुरेसं तापलेलं नसतं. विकायला डबे करणाऱ्या भगिनींनी तरी थर्मामीटर घ्यावाच. त्यात काटकसर नको.

बाहेर काढून 10 मिनिटं थांबा, मग धाग्याला आडवं कापा. कच्च्या चिकनची सुरी आणि पाट साबणाने धुतल्याशिवाय काकडीला लावू नका. कापलेले तुकडे पसरट ताटात पातळ पसरून निववा आणि फ्रीजमध्ये ठेवा. बाहेर दोन तासांपेक्षा जास्त नको, आपल्या उन्हाळ्यात एकच तास. पातेल्यातलं पाणी फेकू नका, त्यात अळणी भात छान होतो.

*सॅलड*

मेयोनीजच पाहिजे असं नाही. अर्धा किलो कच्च्या चिकनला पाऊण वाटी चक्का, लिंबू, मिरपूड, बारीक हिरवी मिरची, कांदा, काकडी, मूठभर डाळिंबाचे दाणे. मीठ अगदी शेवटी, नाहीतर काकडीला पाणी सुटून सगळं ओघळतं. चिकन पूर्ण गार झाल्यावरच चक्क्यात मिसळावे. फ्रीजमध्ये तीन दिवस ठीक, पण डबा द्यायचा तर त्याच दिवशी केलेला द्या.

हिशेब करताना लक्षात ठेवा: 1 किलो कच्च्याचं शिजून 700 ते 750 ग्रॅम उरतं. कच्च्या वजनावर दर काढलात तर डब्यामागे नुकसान तुमचंच.

*लाईट गेल्यावर*

भरलेला डीप फ्रीजर उघडला नाही तर साधारण 48 तास थंडी धरतो, अर्धा भरलेला 24 तास. उघडून बघायचा मोह आवरा. लाईट आल्यावर पाकीट दाबून बघा. आत बर्फाचे कण असतील तर पुन्हा गोठवता येतं. मऊ पडून किती वेळ झाला ते माहीत नसेल तर टाकून द्या. विकत घेतानाही बघा: पाकिटाच्या एका कोपऱ्यात लालसर पाणी साचून गोठलेलं दिसलं, तर माल मधे एकदा सुटून परत गोठलेला असू शकतो. तो सॅलडला घेऊ नका.

शंका असेल तर याच नंबरवर व्हॉइस मेसेज टाका. पाकिटाबद्दल विचारायचं असेल तर फोटोही पाठवा.