रक्ताचा कर्करोग : मुंबईचा नवा उपचार आणि तळोद्यातील पहिली तपासणी

रक्ताच्या कर्करोगावर मुंबईच्या शास्त्रज्ञांनी ‘कार-टी’ नावाचा उपचार शोधल्याची बातमी आली आणि हे इंजेक्शन एकदा घेतले की रोग गेला, अशी समजूत पसरली. समजूत अर्धी बरोबर आहे. उरलेली अर्धी नीट समजून घेणे आपल्या भागातील आईबापांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे.

आपले रक्त हाडांतील मगजात तयार होते. तेथील एखादी कोवळी पांढरी पेशी बिघडते, वाढून पक्व होण्याऐवजी नुसतीच आपल्यासारख्या पेशी निर्माण करत सुटते आणि सारी जागा अडवते. मग तांबड्या पेशी कमी पडून मूल पांढरेफटक दिसते, बिंबिका म्हणजे प्लेटलेट कमी पडून अंगावर निळे-लाल डाग येतात, हिरड्यांतून रक्त येते; निरोगी पांढऱ्या पेशी नसल्याने ताप हटत नाही. लहान मुलांत जो प्रकार सर्वाधिक आढळतो त्यात बहुधा ‘बी’ जातीच्या पेशी बिघडलेल्या असतात. नवा उपचार याच पेशींवर आहे. रक्ताच्या इतर प्रकारच्या कर्करोगांना तो सरसकट लागू पडत नाही.

हे काम पवई येथील आयआयटीतील डॉ. राहुल पुरवार यांचे. अमेरिकेत संशोधन करून ते २०१३ साली आयआयटीत रुजू झाले. शरीराच्या संरक्षक पेशींनाच कर्करोग ओळखायला शिकवायचे, हा विचार अमेरिकेत आधी सिद्ध झाला होता. २०१२ साली फिलाडेल्फियात सहा वर्षांच्या एका मुलीवर तो यशस्वी झाला आणि २०१७ साली तेथे अशा पहिल्या औषधाला मान्यता मिळाली. किंमत मात्र रुपयांत सुमारे ३ कोटी ! पुरवार व त्यांच्या विद्यार्थ्यांनी हेच तंत्र येथे, आपल्या खर्चात बसेल असे उभे करायचे ठरविले. रुग्णांवरील चाचण्यांची जबाबदारी टाटा स्मारक केंद्राचे डॉ. गौरव नरुला, डॉ. हसमुख जैन आदींनी घेतली. ४ जून २०२१ रोजी खारघरच्या टाटा केंद्रात पहिल्या रुग्णाला या पेशी देण्यात आल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘नेक्सकार-१९’ या नावाने औषधाला सरकारी परवानगी मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पवईत त्याचा प्रारंभ झाला.

उपचाराची रीत अशी : रुग्णाच्याच रक्तातून ‘टी’ नावाच्या लढाऊ पेशी यंत्राने वेगळ्या काढतात. निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या मदतीने त्यांत एक नवे जनुक घालतात. त्यामुळे पेशीच्या अंगावर एक पकड उगवते. ‘बी’ पेशींवर सीडी-१९ नावाची खूण असते. ती खूण दिसली की ही पकड तिला धरते आणि पेशी मारते. प्रयोगशाळेत या पेशी वाढवून, रुग्णाला आधी थोडे केमोथेरपीचे औषध देऊन, सलाईनसारख्या शिरेतून परत देतात. पूर्वीच्या अमेरिकी औषधातील पकड उंदराच्या प्रतिपिंडापासून घेतलेली होती. पुरवारांच्या गटाने ती मानवी धर्तीची करून घेतली. तरीही लढाई पेटली की तीव्र ताप येतो, रक्तदाब उतरतो. निरोगी ‘बी’ पेशीही मरत असल्याने पुढे बराच काळ जंतुसंसर्गाची भीती राहते. मोठ्या रुग्णालयाबाहेर करण्याचे हे काम नव्हे.

२०२५ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात सुमारे ७३ टक्के रुग्णांना गुण आल्याचे नमूद आहे. गुण येणे आणि कायमचे बरे होणे यांत अंतर असते. काहींचा रोग उलटतो. पण हे रुग्ण नेहमीचे उपचार हरलेले होते हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचे मोल कळते. किंमत प्रारंभी ४० लाखांच्या आसपास होती. अमेरिकेच्या मानाने स्वस्त, पण आपल्या शेतकऱ्याला जमीन विकूनही न पेलणारी. शिवाय पहिली परवानगी १५ वर्षे व त्यावरील रुग्णांसाठी, आणि तीही रोग उलटल्यावर किंवा औषधांना दाद न दिल्यास.

म्हणूनच जमीन विकण्याचा विचार मनात आणण्यापूर्वी हे ऐका. मुलांमधील या कर्करोगाचा पहिला उपचार जुनाच आहे, केमोथेरपी. आणि चांगल्या केंद्रात पूर्ण उपचार घेतलेली बहुसंख्य मुले त्याने बरी होतात. त्यातील मेथोट्रेक्सेट हे औषध येल्लाप्रगडा सुब्बाराव या आपल्या आंध्रच्या शास्त्रज्ञाच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेतून आले. उपचार दोन ते अडीच वर्षे चालतो, शेवटचा मोठा काळ घरी गोळ्या घेण्याचा. मूल खेळू लागलेले असते, दिवाळीनंतर घर ऊसतोडीला गुजरातेत निघते आणि गोळ्या सुटतात. रोग उलटायला एवढे पुरते. जायचे असल्यास डॉक्टरांना आधी सांगून गोळ्या व तपासणीची सोय करून घ्यावी.

आता तळोद्याचे. सातपुड्याच्या पायथ्याशी पांढरेफटक मूल, ताप आणि हातपाय दुखणे म्हटले की सिकलसेल किंवा हिवताप मनात येतो, आणि बहुतेकदा तेच असते. अडचण पुढे आहे. सिकलसेलची चाचणी सकारात्मक आली की शोध तेथेच थांबतो. नुसत्या वाहक मुलाला सिकलसेलमुळे सहसा रक्त कमी होत नाही. तेव्हा वाहक मूल पांढरे पडले तर दुसरे कारण शोधलेच पाहिजे. संपूर्ण रक्तगणना करावी आणि काचपट्टीवरील रक्त पॅथॉलॉजिस्टने सूक्ष्मदर्शकाखाली स्वतः पाहावे, असा आग्रह धरावा. यंत्राने काढलेली संख्या कधीकधी फसवी असते. मानेत, काखेत गाठी, पोटात वाढलेली प्लीहा, अंगावर डाग, दोन आठवडे न हटणारा ताप यांपैकी काही असेल तर आठवडाभरही थांबू नये.

तपासणीपूर्वी ताप व सांधेदुखीसाठी डेक्सामेथासोनसारखी स्टिरॉइडची सुई मात्र घेऊ नये. ती या रोगावरचेही औषध असल्याने चार दिवस मूल टवटवीत दिसते, रक्तातील वाईट पेशी लपतात आणि निदान लांबते. सुई दिली गेलीच असेल तर तिचे नाव व तारीख कागदावर लिहून पुढच्या डॉक्टरांना दाखवावी.

पुढचे निदान हाडातील मगज तपासूनच होते. त्यासाठी नंदुरबारहून मोठ्या केंद्राकडे जाताना पहिल्या रक्ततपासणीचे कागद, काचपट्टी मिळाल्यास तीही, आणि रेशनकार्ड व आधारकार्ड बरोबर घ्यावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत केमोथेरपीचा समावेश आहे. मुंबईत टाटा रुग्णालयातील समाजसेवा विभागाला पहिल्याच दिवशी भेटावे. उपचार घेणाऱ्या मुलांच्या कुटुंबांना विनामूल्य राहण्याची सोय देणाऱ्या संस्था तेथे आहेत, आणि त्यांचा पत्ता हाच विभाग देतो.