‘घरी कधी जायचं?’ : परदेशात लेकरे वाढवणारी कुटुंबे आणि आपण



नाताळच्या सुट्टीत आपले मंदिर नेहमीपेक्षा भरलेले असते. दुबई, शारजा, कुवेत, बहारीन, मस्कत येथून आपली माणसे लेकराबाळांसह येतात. गेल्या नाताळात मिस्सा संपल्यावर एक आजी आपल्या सहा वर्षांच्या नातवाला घेऊन आम्हाला भेटायला आल्या. आम्ही त्याला नाव विचारले, शाळा विचारली. त्याने इंग्रजीत नीट उत्तरे दिली आणि मग आजीचा पदर ओढून विचारले, “आजी, घर कब जाएंगे?” आजी म्हणाल्या, “चल बाळा, हे बघ निघालोच.” तो म्हणाला, “ये घर नहीं. अपने घर. शारजा.”

आजी हसल्या, पण डोळे भरून आले होते. दुसऱ्या दिवशी त्या एकट्याच आल्या आणि म्हणाल्या, “फादर, ज्या घरासाठी माझा मुलगा तिकडे राबतोय, ते घर त्याच्या मुलाला आपलं वाटतच नाही. मग हे सगळं कशासाठी?”

हा प्रश्न एका आजीचा नाही. पवित्र कुटुंबाच्या सणानिमित्त आपण त्यावर थोडा अभ्यास करू या.

तिथला दिवस कसा असतो?

२०१८ साली आम्हाला शारजात एका ओळखीच्या कुटुंबाकडे आठवडाभर राहण्याचा योग आला. पती दुबईत नोकरीला, पत्नी नर्स, मुलगी नऊ वर्षांची, मुलगा चार वर्षांचा. दुबईपेक्षा शारजात घरभाडे कमी, म्हणून राहायचे शारजात आणि कामाला जायचे दुबईत. अंतर फार नाही; पण संध्याकाळच्या गर्दीत तासाची वाट दीड-दोन तासांची होते. पहाटे पाचला घर जागे व्हायचे. सहाला मुलीची शाळेची बस. आईची रात्रपाळी असेल तर ती घरात शिरायची आणि बाबा बाहेर पडायचे. दारातच मुलगा एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जायचा.

शाळा भारतीय अभ्यासक्रमाची. इंग्रजी, हिंदी आणि तेथील नियमाप्रमाणे अरबी. मराठी नाही. शेजारी एका बाजूला केरळचे कुटुंब, दुसऱ्या बाजूला पाकिस्तानचे. मुले जिन्यात खेळायची ती हिंदीत. उन्हाळ्यात तर जिनाच काय तो खेळायला. बाहेर उन्हाचा तडाखा असा की १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घेण्यास तेथे कायद्याने बंदी आहे.

कागदपत्रांची टांगती तलवार वेगळीच. मुलांचा निवासी परवाना वडिलांच्या नोकरीवर अवलंबून. कुटुंब आणायचे तर पगार किमान ४,००० दिरहॅम, किंवा ३,००० दिरहॅम आणि राहण्याची सोय. ज्यांचा पगार तेवढा नाही, त्यांची बायकामुले इथेच आपल्यात राहतात; तोही एक प्रकारचा परदेशच आहे. बाळ तिथे जन्मले तरी तिथले नागरिक होत नाही. भारतीय वकिलातीत वर्षाच्या आत त्याची नोंद करावी लागते, आणि १२० दिवसांत त्याचा निवासी परवाना काढावा लागतो. नोकरी गेली की ठरावीक मुदतीत सगळ्यांनी देश सोडायचा.

त्या घरात आम्हाला एक गोष्ट खटकली. मुलगी गृहपाठ इस्त्रीच्या टेबलावर करत होती. आम्ही सहज विचारले. आई म्हणाली, “टेबल घ्यायचं फादर, पण दोन वर्षांनी जायचंच आहे ना परत. उगाच सामान कशाला वाढवायचं?” या दोन वर्षांना तेव्हा नऊ वर्षे झाली होती. कपाटावर बॅगा होत्या, भिंतीला एक चित्र नव्हते. आणि इकडे आपल्या गावात त्यांचा दोन मजली बंगला कुलूप लावून उभा होता.

हनन्याची दोन वर्षे

हा ‘दोन वर्षांचा’ हिशोब बायबलमध्येही आहे. यिर्मयाचा २८ वा आणि २९ वा अध्याय घरी शांतपणे वाचावा.

इसवी सनापूर्वी ५९७ मध्ये बाबिलोनच्या राजाने यरुशलेममधून अनेक कुटुंबे धरून नेली. तेव्हा हनन्या नावाच्या संदेष्ट्याने मंदिरात उभे राहून घोषणा केली की दोन वर्षांत सारे परत येतील (यिर्मया २८:३). लोकांना हे ऐकायला गोड वाटले. यिर्मयाने मात्र बाबिलोनमधल्या लोकांना पत्र पाठवून वेगळेच सांगितले. घरे बांधा आणि त्यांत राहा. मळे लावा, त्यांचे फळ खा. मुलाबाळांचे संसार थाटा. ज्या नगरात आहात त्याच्या कल्याणासाठी झटा, त्याच्यासाठी प्रार्थना करा (२९:४-७). परत येणे आहे, पण सत्तर वर्षांनी (२९:१०).

सत्तर वर्षे म्हणजे, जे लहान मूल आईच्या कडेवरून बाबिलोनला गेले, त्याचे सारे बालपण, तारुण्य तिथेच जाणार होते. हनन्याचे ऐकणाऱ्या बापाने त्या मुलासाठी झाडही लावले नसते. यिर्मयाचे ऐकणाऱ्याने लावले असते, आणि मुलाने त्याचे फळ खाल्ले असते.

मोठ्या माणसाला थांबता येते. पाच वर्षे दातओठ खाऊन काढू, मग सुखाने जगू, असे तो म्हणू शकतो. मुलाला तसे करता येत नाही. त्याचे सातवे वर्ष एकदाच येते आणि ते जिथे असेल तिथेच संपते. आईबाप ज्या वर्षांना ‘काढायची’ वर्षे समजतात, तीच मुलाची सबंध बालपणाची वर्षे असतात. म्हणून आजींच्या नातवाचे काही चुकले नव्हते. जिथे त्याची उशी आहे, आईच्या डब्याचा वास आहे, ते त्याचे घर.

योसेफाने काय केले?

‘अ’ वर्षाच्या वाचनचक्रात पवित्र कुटुंबाच्या रविवारी मत्तयचे शुभवर्तमान (२:१३-१५, १९-२३) वाचले जाते. योसेफ रात्रीच उठला, बाळ व त्याची आई यांना घेऊन इजिप्तला गेला. पोप पायस बारावे यांनी १९५२ साली स्थलांतरितांविषयीच्या ‘एक्सुल फामिलिया’ या पत्रात याच कुटुंबाला देश सोडावा लागणाऱ्या सर्व कुटुंबांचा आदर्श म्हटले.

ते तिथे किती काळ राहिले, मत्तय सांगत नाही. पण एवढे नक्की की योसेफाला परतीची तारीख माहीत नव्हती. तरी बाळाला भूक लागत होती, झोप येत होती. तेव्हा बिऱ्हाड मांडावेच लागले असणार.

अचानक उठणे आपल्या लोकांनीही पाहिले आहे. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेतवर आक्रमण केले आणि सुमारे १,७०,००० भारतीयांना मायदेशी आणावे लागले. बहुतेक जण जॉर्डनच्या अम्मानहून विमानाने आले. मे २०२० मध्ये कोविडच्या काळात पुन्हा खास विमाने सुटली. बरोबर किती सामान आणता आले? बंगल्याचे नकाशे नव्हे, तर लेकरांचे हात धरून माणसे परतली. मुलांच्या मनात जे रुजले होते, तेवढेच सोबत आले.

भाषा गेली तर विश्वासही जातो का?

आजी-आजोबांचे दुःख इथे जास्त असते. नातवंडाला मराठी येत नाही, मग आपल्या घरातली बोली तर दूरच. नहेम्यालाही हेच दिसले होते: परक्या बायका केलेल्यांची निम्मी मुले यहुदी भाषा बोलू शकत नव्हती (नहेम्या १३:२४). तो त्या विवाहांवर इतका संतापला की त्याने काही बापांचे केस उपटले! आपण कुणाचे केस उपटू नयेत. पण त्याची तळमळ समजून घ्यावी.

दुसरी बाजूही इतिहासात आहे. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहरात यहुदी मोठ्या संख्येने राहत. पिढ्यांमागून पिढ्या गेल्या आणि मुले ग्रीक बोलू लागली, हिब्रू विसरली. तेव्हा इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात तेथे धर्मशास्त्राचे ग्रीक भाषांतर सुरू झाले. त्यालाच ‘सेप्टुआजिंट’ म्हणतात. पुढे नव्या कराराच्या लेखकांनी जुन्या करारातील वचने देताना बहुधा याच भाषांतराचा आधार घेतला. परदेशात वाढलेल्या मुलांसाठी केलेले काम साऱ्या ख्रिस्तसभेच्या उपयोगी पडले. म्हणजे भाषा बदलली तरी विश्वास टिकू शकतो. पण आपोआप नव्हे. कुणीतरी बसून तो मुलांच्या भाषेत उतरवावा लागतो.

आखातात हे काम चालू आहे. दुबईचे सेंट मेरीज मंदिर १९६७ पासून उभे आहे. इंग्रजी, अरबी, मल्याळम, कोंकणी, तागालोग अशा भाषांत तेथे मिस्सा होतात. अमिरातीत २०२१ पर्यंत सुट्टी शुक्रवारी-शनिवारी असे, म्हणून रविवारची उपासना व धर्मशिक्षणाचे वर्ग शुक्रवारी भरत. जानेवारी २०२२ पासून तेथे शनिवार-रविवार सुट्टी आली. कुवेत, कतार, बहारीनमध्ये मात्र शुक्रवारच आहे. आम्ही पाहिले, रात्रपाळी करून आलेल्या आया मुलांना न्हाऊ-माखू घालून धर्मशिक्षणाला आणत होत्या. इथे मंदिर पाच मिनिटांवर असूनही वर्गाला न येणाऱ्या आपल्या मुलांचे पालक आम्हाला तेव्हा आठवले.

आणि ‘नगराचे कल्याण’? ५ फेब्रुवारी २०१९ रोजी पोप फ्रान्सिस यांनी अबू धाबीत मिस्सा अर्पण केली, तेव्हा लाखाहून अधिक भाविक जमले होते. आदल्या दिवशी त्यांनी व अल-अझहरचे प्रमुख इमाम अहमद अल-तय्यब यांनी मानवी बंधुत्वाच्या दस्तऐवजावर सह्या केल्या होत्या. त्या शारजाच्या घरात हे बंधुत्व आधीपासूनच होते. रमझानात शेजारून खजूर-भज्यांची ताटली यायची, नाताळात इकडून करंज्यांची जायची, आणि ताटली नेण्याचे काम चार वर्षांच्या मुलाचे.

जवळ असणे म्हणजे काय?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना गाब्रिएल मार्सेल हा फ्रेंच विचारवंत आम्हाला भावला. पहिल्या महायुद्धात तो रेड क्रॉसमध्ये बेपत्ता सैनिकांचा शोध घेण्याचे काम करी. त्याच्यापुढे कार्डे असत. पण दारात आई उभी राहिली की कार्डावरचे नाव माणूस होई. ‘उपस्थिती’ म्हणजे काय, हा विचार त्याने पुढे आयुष्यभर केला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, एकाच खोलीत बसलेला माणूसही आपल्याला गैरहजर असू शकतो आणि दूरचा माणूस हजर असू शकतो.

दोन तास गर्दीत अडकून आलेला बाप मोबाइलमध्ये डोके घालून बसला, तर मुलाला तो भेटलाच नाही. उलट आजी अरबी समुद्रापलीकडे असूनही भेटू शकते. आपल्याकडे रात्रीचे साडेआठ वाजतात तेव्हा शारजात सात वाजलेले असतात. आजीने आपली तेर्स सुरू करताना, तिथे परवानगी असलेल्या ॲपवरून फोन लावावा. पाच नव्हे, एकच दशक. ‘नमो मरिया’ अर्धे आजीने म्हणावे, अर्धे नातवाने. तो इंग्रजीत म्हणाला तरी पवित्र मातेला कळते! हळूहळू मराठीही येईल. कारण मुले भाषा पुस्तकातून नव्हे, प्रेमाच्या माणसाकडून उचलतात.

आम्ही त्या आजींना हेच सांगितले. आणखी एक विनंती केली, तीच आपणा सर्वांना आहे. फोनवर प्रत्येक वेळी “कायमचे कधी येणार?” असे विचारू नका. त्या प्रश्नाने त्यांचे बिऱ्हाड आणखी उपरे होते. “आज मुलांनी काय केलं?” असे विचारा. आणि परदेशातील आईबापांनो, घर इथे जरूर बांधा, बचतही करा. पण तिथल्या भिंतीवर एक क्रूस, एक चित्र आणि जेवताना एक प्रार्थना आजच असू द्या. परतायचे असेल तेव्हा परता, तोवर राहा.

शारजाच्या त्या आईचा काही महिन्यांनी फोन आला होता. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर म्हणाली, “फादर, टेबल घेतलं. जुनंच आहे, पण दोघं भांडतात त्याच्यासाठी.”

प्रभू येशू, मरिया व योसेफ आपल्या दूरच्या व जवळच्या सर्व कुटुंबांचे रक्षण करोत.

कुटुंबात चर्चेसाठी प्रश्न

१. यिर्मया २९:४-७ एकत्र वाचा. आपल्या घरात कोणती चांगली गोष्ट आपण ‘नंतर करू’ म्हणून पुढे ढकलत आहोत?

२. परदेशातील नातवंडांशी आपण आठवड्यातून किती वेळा बोलतो? त्यात प्रार्थनेला जागा आहे का?

३. बाबा परदेशात आणि आई-मुले इथे, अशी कोणती कुटुंबे आपल्या शेजारी आहेत? या आठवड्यात त्यांच्यासाठी आपण कोणती एक गोष्ट करू शकतो?

आपले धर्मगुरू