शाळेची फी वाचली, मग खर्च कुठे होतो? होमस्कूलिंगचा रोखठोक हिशेब

मुलाला शाळेतून काढून घरीच शिकवायचं ठरलं की पहिल्या महिन्यात घरात खोकी येऊ लागतात. लाकडी मॉन्टेसरी साहित्य, परदेशी अभ्यासक्रमाचा संच, दोन-तीन ॲपची वर्षभराची वर्गणी, भिंतीला पांढरा फळा. पंचवीस-तीस हजार बघता बघता जातात आणि दिवाळीच्या साफसफाईत त्यातलं निम्मं माळ्यावर चढतं. शाळेतून नुकतं बाहेर पडलेलं मूल पहिले काही महिने अभ्यासाचं नावही काढत नाही. उशिरा उठतं, एकाच खेळात दिवस घालवतं, 'कंटाळा आलाय' म्हणून मागे लागतं. आईबाप घाबरतात आणि घाबरून खरेदी करतात. म्हणून पहिला सल्ला असा, की पहिले सहा महिने ग्रंथालयाच्या वर्गणीपलीकडे काही विकत घेऊ नका. मूल कशात रमतं हे त्या सहा महिन्यांत कळतं, आणि मग घेतलेली वस्तू वापरली जाते.

सगळ्यात मोठा खर्च कुठल्याच पावतीवर दिसत नाही. मूल दहा-बारा वर्षांचं होईपर्यंत घरात एक मोठं माणूस लागतं, म्हणजे एक पगार जातो किंवा अर्धा होतो. चाळीस हजारांची नोकरी सोडणारी आई (बहुतेक घरांत आईच सोडते, आणि यावर घरात मोकळेपणाने बोलणं व्हायला हवं) वर्षाला चार लाख ऐंशी हजार सोडत असते. त्यापुढे पुस्तकांचे दोन हजार म्हणजे काहीच नाही. तेव्हा हिशेब मांडताना आधी हा आकडा लिहा. आजी-आजोबा जवळ आहेत का, दोघांपैकी एकाला घरून किंवा अर्धवेळ काम करता येईल का, आसपासच्या दोन-तीन कुटुंबांना मिळून आठवड्यातले वार वाटून घेता येतील का, या प्रश्नांच्या उत्तरांनी जेवढे पैसे वाचतात तेवढे कुठल्याही सवलतीने वाचत नाहीत. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. जुन्या करपद्धतीत मुलांच्या शिक्षणशुल्काची वजावट मिळते ती शाळा-कॉलेजला भरलेल्या फीची. घरी येणाऱ्या शिक्षकाची फी किंवा क्लासची पावती तिथे चालत नाही.

आता पुस्तकं. बालभारतीची सगळी पाठ्यपुस्तकं पीडीएफ रूपात मोफत मिळतात, एनसीईआरटीचीही. पण मोफत आहेत म्हणून प्रिंट काढायला धावू नका. सव्वाशे पानांच्या पुस्तकाची प्रिंट दोन रुपये पानाने अडीचशेला पडते आणि कोपऱ्यावरच्या दुकानात तेच पुस्तक, रंगीत आणि बांधीव, त्याहून बरंच स्वस्त मिळतं. पीडीएफ चाळून बघायला वापरा, लागेल ते पुस्तक विकत घ्या. पुण्यात अप्पा बळवंत चौकात जुनी पाठ्यपुस्तकं साधारण निम्म्या किमतीत मिळतात. गावात असाल तर शेजारच्या वरच्या इयत्तेतल्या मुलाला एप्रिलमध्येच गाठा.

अवांतर वाचनाच्या बाबतीत मराठी घर श्रीमंत आहे. 'किशोर' मासिक बालभारती १९७१पासून काढते आहे आणि त्याचे जुने अंक ऑनलाइन फुकट वाचता येतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर लहान मुलांच्या मराठी गोष्टी आहेत, त्या छापून घ्यायलाही मुभा आहे. मराठी विश्वकोश ऑनलाइन खुला आहे. अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर टाकाऊतून खेळणी करण्याच्या चित्रफिती आणि शेकडो पुस्तकं आहेत, त्यांत मराठीही भरपूर. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे एवढ्या सामानात भूमितीचे आकार उभे राहतात. वर्गणी भरायचीच तर 'छात्र प्रबोधन', 'वयम्', धाकट्यांसाठी 'चिकूपिकू' यांपैकी एखादं मासिक लावा, आणि आईबाबांनी स्वतःसाठी 'पालकनीती'. ते १९८७पासून पुण्यातून निघतं आणि शिकण्याबद्दल मोठ्यांना पडणारे बहुतेक प्रश्न त्यात कधी ना कधी येऊन गेलेले आहेत.

गणिताच्या साहित्यावर सर्वांत जास्त पैसा उधळला जातो, म्हणून एक वस्तू जरा तपशिलात सांगतो. गणितमाळ घरी करा. बाजारातून लाल आणि पांढरे मिळून शंभर मणी आणा, दहा लाल, दहा पांढरे अशा क्रमाने जाड दोऱ्यात ओवा आणि मुलाच्या छातीच्या उंचीवर भिंतीला आडवी बांधा. मणी दोऱ्यावर थोडे सरकतील एवढी ढील ठेवा. आता कपड्यांचा चिमटा घ्या. सदतिसावर लाव म्हटलं की मूल आधी एकेक मणी मोजतं. चार-पाच दिवसांनी तीन गठ्ठे एका झपाट्यात पार करून पुढचे सात मोजतं. मग सदतीस अधिक पंचवीस विचारा. चिमटा दहाच्या दोन उड्या मारून सत्तावन्नावर येतो, पुढे पाच मणी सरकतो आणि बासष्टावर थांबतो. हातचा म्हणजे काय हे न शिकवता समजलेलं असतं. खर्च शंभर-सव्वाशे रुपये, आणि माळ पहिलीपासून तिसरीपर्यंत पुरते. याच तऱ्हेचं तयार साहित्य हवं असेल तर मुंबईच्या नवनिर्मिती संस्थेचं बघा. ते शाळांमध्ये वर्षानुवर्षं वापरलं गेलेलं आहे.

मोठ्या मुलांसाठी दीक्षा ॲप आणि खान अकादमी मोफत आहेत. पैसे घेणाऱ्या ऑनलाइन शाळांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. दिवसाचे पाच तास पडद्यासमोर बसवून हजेरी घेणारी शाळा वर्षाला पन्नास हजार ते लाखभर घेत असेल, तर गल्लीतली साधी शाळा बरी, तिथे निदान मधल्या सुट्टीत डबा वाटून खायला मित्र तरी असतात.

पैसा खर्च करायचाच तर तो माणसांवर आणि प्रवासावर करा. घरी शिकणाऱ्या मुलाला आईबाबांशिवाय इतर मोठी माणसं आणि इतर मुलं लागतात, आणि तीच आपोआप मिळत नाहीत. तबल्याचा किंवा चित्रकलेचा क्लास शहरात महिन्याला हजार-दीड हजार, महापालिकेचा तरणतलाव त्याहून स्वस्त, मैदानी खेळाचा संघ साधारण तेवढ्यातच. संगीत आवडत असेल तर अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासूनच्या परीक्षा शाळेबाहेर राहून देता येतात. प्रमाणपत्रापेक्षा परीक्षेला बसायची सवय लागते हा त्यांचा उपयोग. मुंबईत वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र, पुण्यात आयुकातली मुक्तांगण विज्ञान शोधिका, केळकर संग्रहालय या ठिकाणी आठवड्यातल्या कामाच्या दिवशी जा. गर्दी नसते, आणि रिकाम्या दालनात एकाच प्रयोगापाशी तासभर रेंगाळता येतं. शाळेच्या सहलीत ते कधीच होत नाही. देशभरातल्या होमस्कूलिंग करणाऱ्या कुटुंबांचा 'स्वशिक्षण' नावाचा गट आहे, त्यातून आपल्या भागातली कुटुंबं सापडतात. पहिल्या वर्षी धीर सुटायच्या वेळी असं एक अनुभवी घर ओळखीचं असणं फार मोलाचं ठरतं.

आता परीक्षा. इथे पैसे कमी लागतात, पण चुका महागात पडतात.

सर्वांत सोयीचा रस्ता राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा, म्हणजे एनआयओएसचा. १९८९मध्ये स्थापन झालेलं हे केंद्र सरकारचं मंडळ आहे आणि त्याचं प्रादेशिक केंद्र पुण्यात आहे. दहावीसाठी वय किमान चौदा लागतं, आधीच्या शाळेचा दाखला नसला तरी अडत नाही. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. एकदा नोंदणी केली की ती पाच वर्षं चालते आणि नऊ वेळा बसायची संधी मिळते. या सवलतीचा खरा फायदा पाचही विषय एकदम न देण्यात आहे. एप्रिलमध्ये दोन, ऑक्टोबरमध्ये दोन, पुढच्या एप्रिलमध्ये उरलेला एक असं केलं तर मुलाचा जीवही भांड्यात पडतो. पाच विषयांचं प्रवेशशुल्क मुलांना दोन हजारांच्या आसपास, मुलींना आणि राखीव प्रवर्गाला त्याहून कमी. परीक्षाशुल्क विषयागणिक काहीशे रुपये, प्रात्यक्षिकाचं वेगळं. पुस्तकं त्यातच येतात. म्हणजे अख्खी दहावी साधारण पाच हजारांत होते. प्रत्येक विषयाला वीस टक्के गुण स्वाध्यायाचे, म्हणजे टीएमएचे असतात. ते घरी लिहून द्यायचे असतात, पण तारीख चुकवून ते गमावणारी मुलं बरीच.

अर्ज स्वतः ऑनलाइन भरा. अभ्यासकेंद्रांच्या आसपास 'सगळं आम्ही बघतो' म्हणणारे एजंट असतात आणि ते याच अर्जाचे वीस-तीस हजार सांगतात. पास करून देण्याची हमी कुणी दिली तर तिथून उठून या. केंद्र निवडताना ते महाराष्ट्रातलंच घ्या, कारण पुढे व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या राज्य कोट्यासाठी दहावी-बारावी कुठून झाली हे बघतात. बारावीला पाच विषय पूर्ण ठेवा, जेईई मेनला ते लागतात. वैद्यकीयची आस असेल तर कुणीतरी जुना नियम सांगून घाबरवेल. नीटसाठी मुक्त शाळेची मुलं अपात्र ठरवणारा तो नियम दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८मध्ये रद्द केला.

दुसरा रस्ता आपल्या राज्य मंडळाचा, सतरा नंबरचा फॉर्म. अभ्यासक्रम ओळखीचा, गाइडं आणि क्लास गल्लोगल्ली, नोंदणीशुल्क हजाराच्या घरात. पण इथे शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो आणि किमान पाचवी झालेली असावी लागते. म्हणून ज्यांचं मूल काही वर्षं शाळेत जाऊन बाहेर पडलं असेल त्यांनाच हा सोयीचा. राज्याचं मुक्त विद्यालय मंडळही आहे, त्याच्या पाचवी आणि आठवीच्या परीक्षा मधल्या टप्प्यावर उपयोगी पडतात. केंब्रिजची आयजीसीएसई खासगी उमेदवार म्हणून देता येते, मात्र तिथे एकेका विषयाला पाच आकडी रक्कम मोजावी लागते. परदेशी शिक्षणाचं नक्की नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

प्रमाणपत्राशिवाय चालतं का, हाही प्रश्न येतोच. मुंबईची मालविका राज जोशी सातवीनंतर शाळेतून बाहेर पडली, संगणक ऑलिंपियाडमध्ये तिने दोन रौप्य आणि एक कांस्य पदक मिळवलं आणि २०१६मध्ये तिला एमआयटीत प्रवेश मिळाला. आपल्या आयआयटीचं दार मात्र बारावी नसल्यामुळे तिला बंद होतं. उदाहरण उमेद देणारं आहे, पण पदकं प्रत्येकाला मिळत नाहीत. पाच हजारांची दहावी करून ठेवावी, असंच मी सांगेन.

कायद्याची भीती किती बाळगायची? २००९चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य मानतो, पण तसं न केल्यास शिक्षा सांगत नाही. होमस्कूलिंगचं नाव त्यात कुठेच नाही. हाच कायदा परतीची वाट उघडी ठेवतो, हे जास्त महत्त्वाचं. शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश द्यावा लागतो आणि दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही. सरकारी किंवा पालिकेच्या शाळेत त्यासाठी फीही नाही. म्हणजे आठवीपर्यंत प्रयोग जमला नाही तर नुकसान फारसं होत नाही. नववीपासून गणित बदलतं, तेव्हा तेराव्या वर्षी एकदा शांतपणे बसून पुढचं ठरवा.

शाळा सोडताना दाखला मागून घ्याच, पुढे लागणार नाही असं वाटलं तरी. मुख्याध्यापक 'नव्या शाळेचं मागणीपत्र आणा' म्हणतील, लेखी अर्ज करून पोच घ्या. जन्मदाखल्यावर मुलाचं पूर्ण नाव आहे का ते तपासा. जातीचा दाखला लागणार असेल तर वडिलांच्या आणि आजोबांच्या शाळेचे दाखले आत्ताच शोधून ठेवा. शाळेतल्या मुलांचं हे काम बरंचसं शाळेच्या रजिस्टरवर भागतं, आपल्याला सगळे कागद स्वतः उभे करावे लागतात.

एकूण बेरीज करायची तर शहरातल्या मध्यमवर्गीय घराला, पगार बाजूला ठेवून, सात-आठ वर्षांच्या मुलासाठी वर्षाला वीस-पंचवीस हजार पुरतात. त्यातले पंधरा-वीस क्लास आणि प्रवासाचे. अकरा ते चौदा या वयात आठवड्यातून दोनदा गणिताला किंवा विज्ञानाला कुणी शिकवायला लावलं तर आकडा पन्नास-साठ हजारांवर जातो. तालुक्याच्या गावी याच्या निम्म्यात होईल, फक्त क्लास आणि सोबत मिळवायला जास्त खटपट करावी लागेल. यापेक्षा बराच जास्त खर्च होत असेल तर घरात पुन्हा खोकी यायला लागली आहेत, असं समजा.

एनआयओएसच्या एप्रिलच्या परीक्षेसाठी बिनविलंबशुल्क नोंदणी साधारण आदल्या जुलैअखेर संपते, आणि सतरा नंबरचे अर्जही पावसाळ्यातच सुटतात. मूल तेरा पूर्ण झालं असेल तर दोन्हींचे चालू दर आणि तारखा त्या-त्या मंडळाच्या संकेतस्थळावर याच आठवड्यात बघून कॅलेंडरवर लिहून ठेवा.